गोऱ्यांच्या पलटणीला शाळेचा स्कर्ट

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला धरायला नको. त्या सिरीजमध्ये नदीच्या घाटावरून गोऱ्यांची जी पलटण तालात चालत जाते ना, तिच्या कमरेचे चौकड्यांचे घागरे स्कॉटलंडचे नाहीत. कापड सांगलीच्या एका मुलींच्या शाळेचं आहे आणि शिवणारी मी आहे.

साताऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश हेच मुख्य काम. चारपाच वर्षांपूर्वी दुकानात एक मुलगी आली, दोन्ही हातांत एकेक मोबाईल. म्हणाली, "ताई, वाईजवळ शूटिंग आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे स्कॉटिश सैनिक. चाळीस किल्ट हव्यात, आठ दिवसांत." किल्ट म्हणजे काय ते मी विचारलं. तिनं फोटो दाखवला. मी म्हटलं, "अगं, हा तर स्कर्ट!" ती म्हणाली, "तोच. फक्त पुरुषांचा."

लाल-हिरव्या चौकड्याचं एवढं कापड आठ दिवसांत आणणार कुठून? सांगलीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. कुठल्याशा शाळेनं गणवेश बदलला होता आणि जुन्या कापडाचे तागे त्याच्याकडं पडून होते. "उचला बाई, न्हाईतर उंदरं उचलतील," म्हणाला. तागे आले, मी पहिला उलगडला. लाल, हिरवं, मधून एक पिवळी रेघ. पाचवी ते दहावी मी हाच स्कर्ट घातला होता.

मी सांगलीला आत्याकडं राहून शिकले. आई गावाकडं म्हशी आणि रान सांभाळायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. बंदूक घेऊन नव्हे. ते पायपर होते. काखेत पिशवी दाबून, वर तीन लांब नळ्या खांद्याला टेकवून वाजवतात तो पाईप. इंग्रज साहेब गेले, पण फौजेनं त्यांचा पाईप ठेवला आणि पाईपबरोबर त्यांचा चौकडाही ठेवला. आबांच्या पलटणीत घागरा नव्हता, पँटच होती. चौकडा फक्त खांद्यावरून सोडलेल्या पट्ट्याला आणि पाईपच्या पिशवीला.

गंमत अशी की पायपरच्या लेकीनं बापाचा पाईप जन्मात ऐकलेला नव्हता. पाईप पलटणीचा, तो तिथंच राहायचा. सुट्टीवर येताना आबा फक्त चँटर आणायचे, सरावाची ती बारकी नळी. संध्याकाळी गोठ्याजवळ बसून वाजवायला लागले की आई ओरडायची, "आवं, बास करा, म्हस पान्हा चोरती!" मी विचारायचे, खरा पाईप असाच वाजतो का? आबा हसायचे. "ह्यो म्हंजे नुसतं कुजबुजनं, पोरी. पाईप वाजला की छातीची हाडं हालत्यात." मग मला ऐकवा की, म्हणून मी रडायचे. "ऐकवीन की," म्हणायचे आणि सुट्टी संपायची.

एका सुट्टीत ते गावी जाताना वाटेत सांगलीला उतरले. ट्रंकेत धुवायला आणलेला पट्टा होता. मी माझा स्कर्ट आणून त्याच्याशेजारी टाकला आणि टाळ्या पिटल्या. "आबा, आपलं दोघांचं कापड एकच!" तर ते गंभीर झाले. "नुसता रंग बघू न्हाई. रेघा मोज." मी मोजल्या. माझ्यात पिवळी एकेरी होती, त्यांच्यात दुहेरी, आणि कडेला एक पांढरी. "आमचा उस्ताद सांगतो, ही एका जुन्या घराण्याची निशाणी हाय. हजार वर्सांची. एक रेघ चुकली की घराणं बदाललं." मग त्यांनी मला प्लेटा पाडायला शिकवल्या. प्रत्येक प्लेटेच्या तोंडावर एकच रेघ आली पाहिजे, ही घागरेवाल्या फौजेची रीत त्यांना उस्तादानं शिकवली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या स्कर्टवर सगळ्या पिवळ्या रेघा ओळीनं उभ्या. बाईंनी मला वर्गापुढं उभं करून दाखवलं. काय मिरवले मी त्या दिवशी! अजून आठवलं की मान ताठ होते.

आई गेल्यावर आबा माझ्याकडं साताऱ्याला आले. दिवसभर टीव्हीवर इंग्रजी सिनेमे बघायचे. भाषा कळायची नाही, पण घागरेवाला गोरा दिसला की पुढं सरकून बसायचे. एकदा एका सिनेमात सख्खे तीन भाऊ तीन वेगळ्या चौकड्यांत आले. आबांनी हातातला घास ताटात टाकला. "आरं लबाडांनो, एका आईची लेकरं न्हवं का तुमी!" मी म्हटलं, आबा, त्यांना ऐकू जात नाही. तर माझ्यावरच डाफरले, "पर आपल्याला दिसतंय न्हवं!"

आता सांगा, ह्या माणसाला मी काय सांगणार होते? की तुमची लेक गोऱ्यांच्या पलटणीला शाळेचं कापड शिवतेय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कापलेलं सगळं मी मदतीच्या बायकांच्या घरी धाडलं, प्लेटा तिथंच जाऊन पाडल्या आणि इकडं गप्प बसले.

पण ती मोबाईलवाली मुलगी माप पक्कं करायला परत आली आणि तिला भिंतीवरचा आबांचा फोटो दिसला, पाईप फुगवलेला. "हे वाजवतात? आम्हाला एक पायपर हवाच आहे. लांबून, पाठमोरा." आबा आतल्या खोलीत होते. ते कधी बाहेर आले कळलंच नाही. "वाजीवतो की," म्हणाले.

शहात्तर वय, त्यात दमा. डॉक्टर नको म्हणाले. आबांनी डॉक्टर बदलला. रोज सकाळी गच्चीत चँटर, मग फुगे. फुगे फुगवायचे आणि सोडून द्यायचे, दम वाढायला! मी जिन्यात बसून ऐकायचे. बापाचा पाईप ऐकायचा तर ही एकच वेळ, पुढची मिळायची नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार, नाहीतर त्या वयात कोण फुगे फुगवतंय? आणि माझ्या त्या चाळीस घागऱ्यांपायी हे सगळं मोडणार की काय, ह्याची मला धास्ती लागली.

शूटिंगच्या दिवशी व्हायचं तेच झालं. आम्ही गाडीतून उतरलो, तर घाटावर चाळीस पोरं घागरे घालून चहा पीत उभी होती. आबांनी एकाला जवळ बोलावलं, कापड दोन बोटांत धरलं, रेघा मोजल्या. मग माझ्याकडं बघितलं. "ही तर तुझी शाळा."

मी मान खाली घातली. "मीच शिवलंय, आबा. दुसरं मिळालं नाही."

"खोट्या चौकड्यात म्या वाजवनार न्हाई," म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

धावाधाव झाली. इतिहास सांगायला नेमलेला एक चष्मेवाला पोरगा होता, त्याला आणलं. बोलायला गोड होता बिचारा, पण काय बोलावं हे कळत नव्हतं. म्हणाला, "आजोबा, खरं सांगू? अमुक घराण्याचा अमुकच चौकडा, हे त्या काळी पक्कं नव्हतंच. पलटणींचे ठरलेले असायचे, पण घराण्यांची नावं बरीचशी नंतर चिकटवली. विणणाऱ्यांनी आणि कापडवाल्यांनी. नमुन्यांच्या वह्या काढल्या आणि लोकांनी आपापलं निवडलं."

आबांनी विचारलं, "हजार वर्सं न्हवं?"

"नाही. दोनशेच्या आसपास."

"म्हंजे आमचा उस्ताद खोटं बोलला?"

"त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार, आजोबा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, म्हातारा माणूस, उभा जन्म त्या रेघांवर काढला त्यानं. तुला आजच शहाणपण शिकवायचं होतं? मी बोलणारच होते, तेवढ्यात आबा उठले. मघाच्या त्या घागरेवाल्या पोराला त्यांनी खांद्याला धरून पाठमोरं वळवलं आणि मागच्या प्लेटांवरून बोट फिरवत नेलं. एक, दोन, तीन. प्रत्येक प्लेटेवर पिवळी रेघ.

"ह्या प्लेटा मातुर फौजेच्या हायत," म्हणाले. मग त्या चष्मेवाल्याला, "दुकानदारानं ठरिवलेला चौकडा चालतोय, तर माझ्या लेकीनं ठरिवला तर काय बिघाडलं? आना हिकडं."

जादाचा म्हणून शिवलेला घागरा घातला त्यांनी. काड्यांसारख्या पोटऱ्या, वर लाल कोट. पोरं फिदीफिदी हसायला लागली. आबा नुसते सावधानमध्ये उभे राहिले आणि हसू थांबलं. पाईप पुण्याच्या एका लग्नाच्या बँडकडून आणलेला. पिशवी काखेत घेतली, फुंकर मारली, तर आधी एखादं रेडकू रेकल्यासारखा आवाज निघाला. मग कोपर दाबलं.

काय सांगू! सगळा घाट भरला. नदीपलीकडं कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. माझ्या छातीत खरंच काहीतरी हललं आणि मी रडायला लागले, पदर तोंडात धरून, लहान पोरीसारखी. आबा चालत गेले, मागून चाळीस पोरं. तीन वेळा घेतलं शूटिंगवाल्यांनी ते. तिसऱ्या वेळी शेवटच्या पायऱ्यांवर आबांचा दम तुटत होता, तरी सूर सोडला नाही. परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते. "ऐकलंस न्हवं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ऐकलं, आबा.

आमचे मोबाईल शूटिंगवाल्यांनी आधीच काढून पिशवीत घातले होते. पण कानाला यंत्र लावलेला एक माणूस लांब काठीवर माईक धरून उभा होता, म्हणून मी निश्चिंत होते. राहील जपून, असं वाटलं.

सिरीज आली तेव्हा आबा जाऊन सात महिने झाले होते. घरात सगळे गोळा झाले. घाट आला, आबांची पाठ आली, आणि वाजायला लागलं भलतंच. व्हायोलिनं, ढोल आणि दुसऱ्याच कुणाचा तरी गुळगुळीत पाईप. मी त्या मुलीला फोन केला. ती खूप हळू बोलली, "ताई, सेटवरचा आवाज ठेवत नाहीत. पुसतात."

पाहुणे आले की दाखव म्हणतात. मी लावते, आणि ती जागा आली की आवाज बंद करते. लोकांना वाटतं रिमोट बिघडला. आबा पाठमोरे चालतात, डावं कोपर पिशवीवर दाबत, आणि त्या कोपराबरोबर मला एकेक सूर आठवत जातो. आजवर सगळं आठवायचं, पायऱ्या संपेपर्यंत. परवा एकटीच बघत बसले होते. मधल्या वळणावर पुढचा सूर आठवेना. चार वेळा मागं नेऊन बघितलं. कोपर दाबलेलं दिसत होतं, पण तिथून पुढं काही ऐकू आलं नाही.