नऊवर उठलेला सासरा

माझ्या सासऱ्यांची पाठ आयुष्यात एकदाच जमिनीला लागली, आणि ती मी लावली. तेही ते मला जावई म्हणून बघायला आले असताना!

त्या काळी मला मुष्टियुद्धाचं वेड लागलं होतं. कानडी सीमेवरच्या आमच्या हुलसूर गावची सगळी पोरं कुस्तीवर जीव टाकायची आणि मी एकटा अमेरिकेतल्या एका जगज्जेत्यावर. काय ते पाय! असा नाचायचा, की हा मारायला आलाय का वरातीला, तेच समोरच्याला कळू नये. सोलापूरच्या पेपरातले त्याचे फोटो मी आमच्या पिठाच्या गिरणीत डकवले होते. (दळण घेऊन येणाऱ्या बाया हमखास विचारायच्या, "ह्यो सदरा कामून घालत न्हाई रे?")

त्याची मोठी लढत रेडिओवर सकाळी होती आणि त्याच दिवशी दुपारच्या बसनं कमठाण्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलीला मी एका लग्नात लांबून पाहिलं होतं. तेव्हापासून गिरणीत ज्वारी कोणाची आणि गहू कोणाचा, हे मला कळेनासं झालं होतं. लग्न करीन तर हिच्याशीच! अडचण होती तिच्या वडिलांची. मल्हारी वस्ताद म्हणजे नावाजलेले पैलवान. "आपली पाठ कुणी लावली न्हाई," हे वाक्य ते रामराम घालण्याआधी बोलायचे. स्थळ बघायला गेले की आधी पोराचं मनगट धरून दाबायचे. दोन-तीन पोरांना त्यांनी "लोणी हाय" म्हणून चहा न पिताच नापास केलं होतं.

पण दुपार लांब होती आणि लढत जवळ! रेडिओ ऐकायचा तर नुसतं बसून कसा ऐकायचा? अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, जुन्या वाकळेचे दोन मोठे हातमोजे शिवून त्यांत कापूस ठासला होता. जोरात ठोसा मारला की ते निसटायचे. आदल्या दिवशी त्यातला एक शेजारच्या काकूंच्या वरणात पडला होता. म्हणून त्या सकाळी अक्कानं दाभण घेतलं आणि दोन्ही मोजे माझ्या मनगटावर सुतळीनं घट्ट शिवून टाकले.

"आता कसे निसटतेत बघू," म्हणाली आणि दाभण घेऊन शेताला निघून गेली.

रेडिओ खरखरला, लढत सुरू झाली, मी ओसरीवर नाचायला लागलो आणि दारात लॉरी थांबली. पाहुण्यांना ओळखीची लॉरी मिळाली होती. दुपारची माणसं सकाळीच हजर!

"आई! कात्री!"

"कात्री अक्कानं शेजारी दिलीय! हात मागं घे, मी बघते."

वस्ताद ओसरीवर आले. जोत्यापासून आढ्यापर्यंत माणूसच माणूस! मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा पायाला दोन उशा लागल्यासारखं वाटून ते दचकले.

"हाताला काय झालंय?"

"भाजलंय," आई ताडकन म्हणाली. "गिरणीत."

"दोन्ही?"

"लई कष्टाळू हाय पोरगं!"

मनगट दाबायला मिळणार नाही म्हणून वस्तादांचा चेहरा पडला. अप्पा, म्हणजे माझे वडील, पावसापाण्याचं बोलायला लागले. आईनं चहा आणला, तो मी दोन्ही मोज्यांत बशी धरून प्यायलो. निम्मा चहा कापसानं प्यायला. पण जमत आलं होतं! वस्ताद सुपारीसाठी पिशवीत हात घालत होते, तेवढ्यात रेडिओवर गलका झाला. माझा जगज्जेता खाली पडला होता!

"ऊठ!" मी ओरडलो. "ऊठ रे राजा!"

तो उठला! नुसता उठला नाही, तुटून पडला! मग मला ना पाहुणे दिसले, ना अप्पा. मी उडी मारून उठलो. डावा, डावा, आणि हा उजवा! तो उजवा नेमका "काय झालं?" म्हणून माझ्याकडे आलेल्या वस्तादांच्या हनुवटीवर बसला. चहा पिऊन जड झालेला मोजा तो! वस्ताद मागच्या घोंगडीला अडखळले आणि धाडकन उताणे पडले. दोन्ही खांदे जमिनीला!

लॉरीतनं उतरलेली सगळी कमठाण्याची माणसं पुढं सरकून वाकली. कोणीतरी पुटपुटलं, "पाठ लागली की वस्तादाची!"

वस्ताद आढ्याकडे बघत पडून होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. मुलगी तर गेलीच, पण या माणसाची जन्माची कमाईही मी घालवली! काय करावं सुचेना, तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "एक!"

"काय मोजायलास रे?" वस्ताद पडल्या पडल्या म्हणाले.

"वस्ताद, या खेळात पाठ लागली म्हणून कुणी हरत न्हाई! धा म्हणायच्या आत उठलं की लढत चालू!"

"खरं?"

"देवाशप्पत! आत्ता रेडिओतला पण असाच उठला."

वस्तादांनी जरा विचार केला. "मग मोज. पर सावकाश. कंबर धरलीय."

मी मोजत राहिलो. सातावर मी खोकलो, आठावर आईला पाणी मागितलं. नऊ म्हणालो आणि वस्ताद मांडीवर शड्डू ठोकून उभे राहिले!

"बघितलं का रे सगळ्यांनी? हरलो न्हाई!" मग माझ्याकडे वळले. "लढत चालू म्हणालास न्हवं?"

पुढचं मला नीट आठवत नाही. घोंगडी वर गेली आणि आढं खाली आलं एवढंच कळलं. पडल्या पडल्या मी वस्तादांचा आवाज ऐकत होतो. ते कन्नडमधून मोजत होते. "ओंदु, एरडु, मूरु..." ते दहाच्या पुढंही बरेच गेले म्हणतात.

सुपारी फुटली. माझी शुद्ध पूर्ण यायच्या आतच फुटली! आपली पाठ कुणी लावली नाही, हे सासरे शेवटपर्यंत सांगत राहिले आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावत राहिलो.

जगज्जेता त्या दिवशी जिंकला, हे मला पेपरातून कळलं. मोज्यांतला कापूस आता आमच्या उशीत आहे. रोज सकाळी मी त्या उशीवर पडलेला असतो आणि बायको चुलीपाशी उभी राहून मोजते. तिच्या बापासाठी मी सातावर खोकलो, आठावर पाणी मागितलं. त्यांची लेक मात्र तीनवरून थेट नऊवर उडी मारते, आणि मी कळशी घेऊन आडाकडे धावतो!