धुक्यातली घंटा

जपानच्या त्या डोंगरात मी रागाने धुमसत चढत होतो. अशा ठिकाणी मन शांत होतं म्हणतात. माझं काही होत नव्हतं. पुण्याच्या आयटी कंपनीने मला तिकडे पाठवून दोन वर्षं झाली होती, आणि त्यातच खडकीला बाबा आजारी पडून गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. कंपनीने रजा दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. विहारात भन्ते अनित्यतेवर बोलू लागले, तेव्हा मी तडक उठून बाहेर आलो. त्या दिवसापासून माझी वंदना बंद झाली.

आई एकटी पडली म्हणून तिला महिनाभर जपानला नेलं, तर तिने नेमका हाच डोंगर निवडला; वर जुनं बुद्धमंदिर आहे म्हणून. आभाळाला टेकलेली झाडं, दगडांवर हिरवंगार शेवाळ, कुठेतरी वाहणारं पाणी. आणि पांढऱ्या साडीतली आई वाटेतल्या प्रत्येक दगडी मूर्तीपुढे थांबून अख्खं त्रिशरण-पंचशील म्हणणार. लाल लाळेरी बांधलेल्या मूर्ती तरी किती! लहान मुलांना सांभाळणारे ते बोधिसत्त्व, हे मला ठाऊक होतं. आईच्या लेखी सगळे भगवान बुद्धच. शेवटची बस चारची होती.

"आई, हजेरी घेतेयस का सगळ्यांची?" मी खेकसलो.

"तुला घाई असेल तर हो पुढे," ती म्हणाली. आणि मी खरंच गेलो.

दहा मिनिटांनी वळून पाहिलं तर धुकं उतरलेलं. धावत परत आलो, आई नव्हती. हाका मारल्या, ओ नाही. फोनला रेंज नाही. एका बाजूला सरळ दरी. बाबांना नेलंस, आता हिलाही ने, असं मी ओरडलो. कोणाला, ते मलाही माहीत नाही. आमच्यात तर असं न्यायला देवसुद्धा नाही.

तेवढ्यात खालून घंटा वाजली. बारीक, थांबून थांबून. आवाजाच्या रोखाने उतरलो. आडवाटेवरच्या एका मूर्तीपाशी आई बसली होती. पाय मुरगळलेला, घोट्याला कोणाचा तरी टॉवेल घट्ट बांधलेला. शेजारी यात्रेच्या पांढऱ्या कपड्यांतल्या एक जपानी आजी होत्या. अस्वलं दूर राहावीत म्हणून तिकडचे लोक घंटा बाळगतात, ती त्या हलवत होत्या. आईची पांढरी साडी पाहून ही आपल्यातलीच यात्रेकरू, असं त्यांना वाटलं असावं. दोघी आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणत होत्या.

आजींनी मला खूण केली, हिला पाठुंगळी घे. आणि त्या पुढे निघाल्या, इतक्या सावकाश की माझं डोकं पुन्हा तापलं. पण वाट त्यांना ठाऊक होती, मला नव्हती. त्यांच्या मागे निमूट चालण्यावाचून इलाज नव्हता. अर्ध्या वाटेत माझा राग दमला.

"आई, कंपनीने रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नाही. प्रोजेक्ट हातचा जाईल म्हणून."

आई पाठीवरूनच म्हणाली, "माहीत आहे रे. बाबाच म्हणाले होते, तो यायचा नाही, पण त्याला कोणी बोलू नका."

बस केव्हाच गेली होती. रस्त्याला लागल्यावर मी आजींच्या पाया पडलो. नाव विचारायचंही सुचलं नाही. त्या तिथे का होत्या, याचा हिशोब मी मांडत नाही. राग अजूनही माझ्या नाकावर असतो. पण आता मी खडकीला परत आलोय, रोज संध्याकाळी आईशेजारी वंदनेला बसतो, आणि तिला कितीही वेळ लागला तरी तिच्याआधी उठत नाही.