बाबांचं पिवळं फडकं

थंडीचे स्वेटर काढताना कपाटात बाबांचं गाड्या पुसायचं पिवळं फडकं सापडलं आणि कंपनीतल्या मित्राची लाल स्पोर्ट्स कार आठवली. माझ्या बहिणीच्या लग्नासाठी पुण्याहून नागपूरला न्यायला त्याने ती दिली होती. अट एकच, दुसऱ्या कुणी चालवायची नाही. सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी केलेले बाबा मफलर गुंडाळून माझ्या शेजारी बसले होते. नगरच्या पुढे धुक्यात एका ढाब्यावर थांबलो, तर ते सवयीने उतरून याच फडक्याने काच पुसू लागले. ढाबेवाला मला म्हणाला, "सायेब, तुमी आत बसा. डायवरची बाज मागं हाय." बाबा मागे निघालेसुद्धा. माझे कान तापले. "ते माझे वडील आहेत," म्हणत मी त्यांना आत माझ्यासमोर बसवलं आणि चहा झाल्यावर किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "लोकाची गाडी आहे रे, ओरखडा आला तर?" "येऊ दे." त्यांनी सीट पुढे ओढली आणि कुठल्याच साहेबाला बसवून जीप पळवली नव्हती अशी ती गाडी पळवली. परतताना तर मी त्यांनाच मित्राच्या कोथरूडच्या सोसायटीपर्यंत चालवू दिली. गेटवर उभा असलेला मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "छान. अट मराठीतच सांगितली होती ना मी?" "हो. मोडली मी." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिला. शब्द मोडल्याची खंत मला आजही आहे. पण त्या ढाब्यावर दिलेली किल्ली परत घ्यावी, असं एकदाही वाटलेलं नाही.