कोरड्या अंगणातली गांडुळं

समोरच्या प्लॉटवर पायासाठी जमिनीत खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन सुरू झालं आणि बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेत, भर उन्हात, गांडुळं वर आली. मला एक जुनी दुपार आठवली.

लग्नानंतर आम्ही भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी राहायचो. घराला लागूनच जुनी दगडी भिंत, आणि तिच्या वर कुणीतरी ब्रेकरने कातळ फोडत होतं. त्या दुपारी मी अंगणात बांगडे साफ करत होते. बसल्या जागी जमीन थरथरत होती. कोरड्या मातीतून एक गांडूळ निघालं, मग दुसरं, आणि बघता बघता अंगण वळवळायला लागलं.

सासूबाई दारात आल्या. मातीकडे बघून त्यांचा चेहराच उतरला.

"ह्या हादऱ्यान भिंत उभी रवाची नाय गो! विनयाक उठव, बेगीन!"

रात्रपाळी करून आलेला माझा नवरा विनय भिंतीकडच्या खाटेवर झोपला होता. मी त्याचा हात ओढला.

"झोपू दे ना यार!"

"ऊठ रे, आधी बाहेर चल!"

आम्ही गल्लीत पोचतो न पोचतो तोच भिंत कोसळली. धूळ बसली तेव्हा खाट दिसतच नव्हती.

कित्येक वर्षं मी समजत होते, गांडुळांनी आम्हाला सावध केलं. पण जमीन हादरली की कुणीतरी खणत आपल्याला खायला येतंय, असं वाटून ती बिचारी स्वतःच पळतात. आम्हाला वाचवलं ते सासूबाईंनी. आणि गल्लीत उभं राहून त्यांनी चाचपून बघितलं ते आधी मला, मग स्वतःच्या मुलाला.