फटफटीवर मागे बसलेली

दुसरी मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. मी तेव्हा उंब्रजला लोकल बोर्डाच्या दवाखान्यात नर्स होते. लहान वयात विधवा झाले, मग पुण्याला जाऊन सुइणीचं शिक्षण घेतलं आणि नोकरी धरली. आसपासच्या गावांतून बाळंतपणाचं बोलावणं आलं की पायी नाहीतर बैलगाडीनं जायचं, असा शिरस्ता होता.

एका दुपारी दवाखान्याच्या दारात फटफटी थांबली. चालवणारा नुकताच पलटणीतून सुटून आला होता. लष्करानं विकायला काढलेली जुनी गाडी त्यानं घेतली होती. कृष्णेकाठच्या एका गावात त्यांचा ऊस होता. बाजारात मी त्याला पाहिलेलं होतं, पण बोलले कधी नव्हते.

"बाई, भैन सकाळधरनं अडलीया," तो म्हणाला. "पैलंच बाळंतपण हाय. गाडी जुपून आणंस्तवर लय उशीर हुईल. बसता का मागं?"

परक्या पुरुषाच्या मागे बसून भर बाजारातून जायचं, हे माझ्या मनात आलंच. पण सकाळपासून अडलेली बाई म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मागच्या लोखंडी कॅरिअरवर त्यानं घोंगडं घडी करून बांधलं. पिशवी मांडीवर घेऊन, पाय एका बाजूला सोडून मी बसले. माझ्यासाठी म्हणून तो गाडी हळू चालवत होता. दीडेक मैल गेल्यावर मीच म्हणाले, "दादा, जरा जोरात घ्या."

त्यानं वेग वाढवला.

समोरून बैलगाड्यांची रांग येत होती. त्यांच्या मागून गुळाच्या ढेपा लादलेली एक लॉरी एकदम आमच्या बाजूला आली. त्यानं फटफटी पार कडेला घेतली, तरी लॉरीचा मडगार्ड आम्हांला लागलाच. मी कुठं पडले ते कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा माझी पिशवी फुटून हत्यारं धुळीत पसरली होती. हातभर अंतरावर नाळ कापायची कात्री होती. ती उचलायला गेले, तर उजवा हात हलेना. पाहिलं तर मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

लॉरीचा ड्रायव्हर उडी टाकून उसात पळाला. फौजीच्या कपाळातून रक्त गळत होतं, तरी तो माझ्याकडे धावत आला. "मला राहू द्या," मी म्हणाले, "तिच्याकडे कुणाला तरी पाठवा." पण पाठवणार कुणाला? त्याच्या बहिणीपर्यंत वेळेवर कोणीच पोचलं नाही. ती वाचली, मूल गेलं. हे मला चौथ्या दिवशी दवाखान्यात कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी डोळे मिटले की तेच तीन शब्द ऐकायची, जरा जोरात घ्या.

हात प्लास्टरमध्ये घालून मला सांगलीला धाकट्या बहिणीकडे पाठवण्यात आलं. सांगली तेव्हा संस्थान होतं. लॉरीही सांगलीच्याच एका मोठ्या व्यापाऱ्याची निघाली, आणि माझ्या बहिणीच्या यजमानांचं किराणा दुकान त्याच व्यापाऱ्याच्या जागेत होतं. महिनाभरात त्याचे दिवाणजी घरी आले. काळी टोपी, बोलणं अगदी मऊ.

"मालकांना फार वाईट वाटलं, बाई," ते म्हणाले आणि घडी केलेला कागद पुढे ठेवला. शेजारी शाईची डबी ठेवली. "सहीला हात चालत नाही, तर अंगठा चालेल. दवाखान्याचा खर्च मालक देतील."

मी कागद वाचला. फटफटी चालवणाऱ्याच्या चुकीमुळं अपघात घडला असून लॉरीमालकाविरुद्ध माझा कसलाही हक्क उरलेला नाही, असं त्यात होतं.

"चूक त्यांची नव्हती. लॉरी आमच्या बाजूला आली," मी म्हणाले.

"असेल. पण गोष्ट कोर्टात गेली तर आमचे वकील विचारणार, तुम्ही त्या माणसामागे बसलातच का? विधवा बाई, परका पुरुष. तेव्हा भरल्या कोर्टात काय सांगाल? आणि तो फौजीही तुरुंगात जाईल. त्याच्या बहिणीचं मूल आधीच गेलंय. विचार करा."

कागद तिथंच ठेवून ते गेले. बहिणीनं दार लावलं. "अक्का, अंगठा दे आणि मोकळी हो," ती म्हणाली. दुकान गेलं तर तिचा संसार उघड्यावर पडला असता, हे मला दिसत होतं. मी अंगठा दिला नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला. पुढे दर पंधरा दिवसांनी दिवाणजी यायचे. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की मी आतल्या खोलीत जायची. रस्त्यावर लॉरीचा कर्णा वाजला तरी मी खिडकीपासून मागे सरायची. भाजी आणायलासुद्धा बाहेर पडणं मी सोडलं होतं.

प्लास्टर निघालं, तेव्हा मनगट वळत नव्हतं. बोटांत पेला धरवत नव्हता. सुइणीचं सगळं काम हातात असतं, तिला दुसरं भांडवल नसतं. काही महिन्यांनी बोर्डाचं पत्र आलं की काम करण्यास असमर्थ असल्यानं नोकरी संपली. बहिणीनं ते दोनदा वाचलं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "दुकानाचं काय व्हायचं ते होईल. कऱ्हाडला वकिलाकडे जाऊ."

वकील वयस्कर होते. मी सगळं सांगितलं, पण मी जोरात घ्या म्हणाले ते सोडून. त्यांनी आधी तारीख विचारली आणि बोटांवर महिने मोजले.

"शरीराला इजा झाली असेल तर वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. तुमचा अकरावा महिना चालू आहे. त्या दिवाणजीला हेच हवं होतं. तो नुसती वर्ष सरायची वाट बघत होता."

मला वाटत होतं, गप्प बसल्यानं मी निदान काही गमावत तरी नाही.

"पण फौजीची चूक निघाली तर?" मी विचारलं.

"तर ती त्याची. तुमच्या हातात हँडल होतं का? ब्रेक होता का? मागे बसणाऱ्याचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. चालवणाऱ्याची चूक तुमच्या नावावर चढत नाही. दोघांची चूक असली, तरी तुम्हांला दोघांकडेही भरपाई मागता येते. म्हणून मी म्हणतो, लॉरीमालकाबरोबर फौजीलाही प्रतिवादी करू. अपघात इकडच्या हद्दीत झालाय, तेव्हा दावा इथंच चालेल, मालक संस्थानात का राहत असेना."

फौजीला प्रतिवादी करायचं! ज्याच्या घरात मूल गेलं, त्याच्यावर मी दावा लावायचा! हे माझ्या हातून होणार नाही, असं वकिलांना सांगून मी परत आले. आठवडा गेला. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि मला जेवण जात नव्हतं.

बहिणीनं मला न विचारता फौजीला निरोप धाडला होता. एका सकाळी तो दारात उभा राहिला, हातात उसाच्या रसाची कासंडी. आत यायला तयार होईना. उंबऱ्याबाहेरच बसला.

"वकिलानं माजं नाव घाला म्हनलं, व्हय?"

"मी घालणार नाही, दादा."

"का न्हाई? घाला की. माजी चूक आसंल तर कोर्ट सांगंल, नसंल तर तेबी सांगंल. गावात लोक मला रोज इचारत्यात, तू गाडी कशी मारलीस म्हून. एकदा कोनीतरी ऐकूनच घिऊ द्या."

मग मला राहवलं नाही. "मीच जोरात घ्या म्हणाले होते," मी म्हणाले. "ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

त्यानं कासंडी बाजूला ठेवली. "म्हनलासा खरं," तो म्हणाला. "पर तुमी भैनीसाठीच म्हनलासा न्हवं? आन् ती लारी आमी हळू आसतो तरीबी आलीच आसती."

त्याच आठवड्यात दावा दाखल झाला.

पुढे तारखांमागून तारखा पडल्या. दरम्यान बहिणीच्या यजमानांना जागा सोडावी लागली, आणि त्यांनी मिरजेला नवं दुकान टाकलं. माझी जबानी झाली त्या दिवशी कोर्ट पुरुषांनी भरलं होतं. पिंजऱ्याचा कठडा मी डाव्या हातानं घट्ट धरला. मालकाच्या वकिलानं दिवाणजींनी सांगितलेलंच सारं विचारलं. परका पुरुष होता का? होता. स्वखुशीनं बसलात? बसले. मागे कोणीतरी हसलं.

"धोका आहे हे माहीत असून बसलात. आणि वेग वाढवा असंही तुम्हीच सांगितलंत की नाही?"

हे त्याला कुठून कळलं, मला आजही माहीत नाही. कदाचित त्यानं अंधारातच खडा मारला असेल. नाही म्हणायला एकच शब्द पुरला असता. माझे वकील माझ्याकडे पाहत होते. त्यांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"हो, सांगितलं," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "का सांगितलंत?"

"बाई सकाळपासून अडली होती, साहेब. उशीर झाला असता तर मूल गेलं असतं." मग मी म्हणाले, "ते गेलंच."

पुन्हा कोणी हसलं नाही. त्यानंतर त्या रांगेतल्या एका बैलगाडीवाल्याची साक्ष झाली. "लारीनं आपली बाजू सोडली. माज्या बैलाच्या शिंगाला घासून गेली. फटफटी कडंला हुती," एवढंच तो सांगत राहिला. उलटून पालटून विचारलं तरी त्यात काही बदल झाला नाही.

निकाल इंग्रजीत वाचला गेला. वकिलांनी बाहेर येऊन समजावला. चूक लॉरीची ठरली, फौजी सुटला. मागे बसण्यात किंवा घाई करा म्हणण्यात माझा दोष धरला गेला नाही. मालकानं अपिलाची धमकी दिली, पण शेवटी त्याच्या विमा कंपनीनं भरपाई भरली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र झाडाखाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. वर्षानुवर्षं आवळून धरलेलं अंग एकदम सुटलं तेव्हा असं झालं असावं.

नंतर साताऱ्याला गावोगावच्या सुइणींना शिकवण्याचं काम मला मिळालं. हात त्यांचे असायचे, मी शेजारी उभी राहून तोंडानं सांगायची. एखाद्या बाळंतिणीचं मूल जन्मल्यावर रडायला उशीर लावायचं, तेव्हा त्या सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मी चेहरा शांत ठेवायला शिकले होते. उजवा हात पदराखाली असायचा, म्हणून तो किती कापतो ते कुणाला दिसायचं नाही.