अर्धी गवळण

बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू कडक होते, तेव्हा एक गृहस्थ चालायला येत. उजवा पाय ओढत चालल्यामुळे त्यांच्या मागे ओल्या वाळूत एक लांब रेघ उमटे. सकाळच्या धुक्यात माणूस दिसला नाही, तरी ती रेघ दिसे.

पक्षाघातातून उठल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चाला." ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यात भजनी मंडळातले. चालता चालता गवळण सुरू करत, आणि सूर नीट लागला की स्वतःलाच दटावत, "गाडी हळू झाली रे!" मग वेग वाढे आणि गाणं धापेत विरून जाई. अख्खी गवळण मी कधी ऐकलीच नव्हती.

माझ्या बायकोलाही तसाच पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तिला पहिल्यांदा किनाऱ्यावर नेलं, तर ती सुरूच्या झाडांपुढे पाऊल टाकेना. समोरून येणारे ते थांबले.

"वहिनी, पुढे रस्ता मोकळा आहे," एवढंच म्हणाले आणि तिच्या बाजूने, तिच्याच चालीने निघाले. त्या चालीत त्यांना दम कुठला लागायला? ते गात राहिले. ती ओल्या वाळूवर पोचली, तेव्हा गवळण संपत आली होती.

"आज तुमचा व्यायाम बुडाला," मी म्हणालो.

"बुडू द्या, मास्तर. गाणं तर पुरं झालं."

मी मागे वळून पाहिलं. वाळूत शेजारी शेजारी दोन रेघा होत्या. भरतीला अजून वेळ होता.