करोडगिरीच्या नाक्यावरचं निशाण

आमच्या घरात सतरा सप्टेंबर हा दिवस दिवाळीइतकाच मोठा होता. त्या दिवशी निजामाचं राज्य संपलं. सरकारदरबारी त्याचं काही होत नसे, पण आदिलाबादेत आमच्या वस्तीतल्या चौकात म्हातारी माणसं जमायची, मराठी शाळेची पोरं रांगेत यायची, झेंडावंदन व्हायचं. मग माझ्या वडिलांना खुर्चीवरून उठवून माईकसमोर उभं करायचे.

वडील भाजी आणि बियाणं विकायचे. एरवी गिऱ्हाइकाशीही मोजकंच बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढायचा. निजामाचं राज्य पडल्याची बातमी संध्याकाळी गावात आली तेव्हा ते लहान होते. आमच्या मळ्याला लागून करोडगिरीचा नाका होता, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारी निजामाची चौकी. शिपाई पळाले होते. वडील चिंचेवरून चौकीच्या कौलांवर उतरले आणि तिथं तिरंगा बांधला. खाली जमलेल्या लोकांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं.

मी शाळेत होते तेव्हा, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला, हीच गोष्ट पाठ करून भाषणात सांगायची. 'ते माझे वडील' हे शेवटचं वाक्य म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा.

पुढे मला निर्मलच्या शाळेत नोकरी लागली. जाता-येता मी नेरडीगोंड्याला आत्याकडे उतरायची. आत्या वडिलांची मोठी बहीण, लहानपणीच त्या गावी दिलेली. कापूस-ज्वारीचं शेत, स्वतः निंदायला बसायची. एकदा सप्टेंबरात मी तिला सहज म्हटलं, "आत्या, राखीले येतं, दिवाळीले येतं. सतराले काऊन येत नाही कधी?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कितीक वेळा आयकावं?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी वडील तापानं फणफणून घरात पडले होते. निशाण तिनं शिवलं होतं, आजोबांच्या जुन्या धोतराला हळद लावून, हिरव्या लुगड्याचा तुकडा जोडून. लुगड्यात झाडावर चढता येईना म्हणून भावाचा सदरा-पायजमा घातला आणि डोक्याला फडकं गुंडाळलं. अंधार पडत आला होता. खालच्या लोकांना वाटलं, माळ्याचं पोरगं चढलं. आजोबांनी ते तसंच राहू दिलं. पोरगी कौलांवर चढली हे पसरलं तर सोयरीक कोण करेल?

"अन् बाबा?"

"त्याले बरं वाटलं तवा लोक त्याले पेढे देत होते. लेकरू होतं, त्यानं खाल्ले. मी काई म्हणलं नाई. पण मोठा झाल्यावर तरी एकदा म्हणायचं होतं ना त्यानं, बाई, हे तुहं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. घरी गेल्यावर वडिलांना थेट विचारलं. ते तराजूची साखळी बोटांत फिरवत बसले. नाकारलं नाही. म्हणाले, "इतक्यांदा सांगितलं की मले ते कौलं पायाखाली लागतात."

"बाबा, यंदा खरं सांगा. आत्याले बोलावते मी."

"बोलाव," ते म्हणाले. "सांगतो. तुले शबद देतो."

मी नेरडीगोंड्याला जाऊन आत्याचं मन वळवलं. ती नको म्हणत होती. तरी सतराच्या सकाळी नवं लुगडं नेसून बसनं आली. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. वडिलांनी तिला पाहिलं, मान हलवली. मला धीर आला.

ते माईकसमोर उभे राहिले. "मी तवा लहान होतो," त्यांनी सुरुवात केली. मी आत्याचा हात धरला. मग चिंच आली, कौलं आली, निशाण आलं. त्या वर्षी त्यांनी एक भरसुद्धा घातली: कौल फुटून पाय सोलला, तरी हात सुटला नाही. टाळ्या पडल्या. खुर्चीवर बसताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

आत्यानं पदर सावरला. "चाल," म्हणाली. बसस्टँडवर मी रडत होते आणि तीच मला समजावत होती. "मह्यासाठी नको रडू. मले त्याची सवय हाय."

संध्याकाळी मी वडिलांना म्हटलं, "शब्द देला होता तुमी."

"समोर शाळेची पोरं होती," ते म्हणाले. "माहा मान काय राह्यला असता?"

"अन् तिचा?"

ते उठून दुकानात गेले. गोणपाटाखालच्या भाज्यांवर पाणी मारत राहिले.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं नाही. सणावारी मी गेले, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले. पण लहानपणापासून ज्या माणसाची मी लेक म्हणवत होते तो माणूस नव्हताच, हे मला कुणाला सांगता आलं नाही. चौकात मी परत गेले नाही. त्यांना मात्र दरसाल बोलावणं येत राहिलं आणि ते जात राहिले.

पुढच्या सतराला मी सुट्टी काढून नेरडीगोंड्याला गेले. आत्या बांधावर बसली होती, कपाशीला बोंडं धरली होती. मी विचारलं, "आत्या, वरून काय दिसलं होतं तुले?"

आजवर तिला हे कुणी विचारलं नसावं.

"लोक दिसले, मशाली दिसल्या," ती म्हणाली. "अन् आपली वांग्याची वाडी दिसली. माहा बा वाफ्यात पाणी सोडून राह्यला होता. मी लय हाका मारल्या, बा, इकडं पाय, बा. त्यानं आयकल्या बी असतील. वर पाह्यलं नाई."